उंची यंत्र : ठेवावें कीं विकावें?

घरांत एखादी भारी किंमतीची वस्तु येते. कांहीं दिवस ती सर्वांच्या कौतुकाचा विषय होऊन राहते, मग हळूहळू कोपऱ्यांत सरकते, तिच्यावर चादर पडते, आणि एके दिवशीं घरांतलें कोणीतरी विचारतें, "हिचें आतां करायचें काय?" हा प्रश्न आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं केव्हां ना केव्हां निघालेला असेल. कोणाकडे तो शिवणयंत्राविषयीं निघाला असेल, कोणाकडे पेटीविषयीं, तर कोणाकडे मोटारीविषयीं. आज मी ज्या वस्तूच्या निमित्तानें या प्रश्नाचा विचार करणार आहें, ती मात्र आपल्याकडे फारशी कोणाच्या घरीं आढळणार नाहीं. ती वस्तु म्हणजे मेटल डिटेक्टर, अर्थात् धातुशोधक यंत्र.

रेल्वे-स्थानकाच्या किंवा मोठ्या देवळाच्या दारांत झडती घेणारा शिपाई आपल्या अंगावरून जी दांडी फिरवितो, ती याच यंत्राची धाकटी बहीण. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यांत या जातीचें मोठें यंत्र हातांत घेऊन हौशी माणसें सुटीच्या दिवशीं रानांत सोनें शोधीत हिंडतात. १८५१ सालीं त्या मुलखांत सोन्याचा शोध लागला आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसांची रीघ लागली. परवान्याच्या जाचक फीविरुद्ध बॅलरॅट येथील सोनें खणणाऱ्यांनीं १८५४ सालीं बंड केलें, आणि पुढील वर्षीं 'मायनर्स राइट' नांवाचा स्वस्त परवाना सुरू झाला. त्या नांवाचा परवाना आजहि मिळतो. तो दहा वर्षें चालतो, आणि तो जवळ असला म्हणजे जेथें मनाई नाहीं अशा सरकारी रानांत हातांतील साध्या हत्यारांनीं खणून मिळालेलें सोनें ज्याचें त्याला ठेवतां येतें. खणलेला खड्डा मात्र त्यानें पुन्हां बुजविला पाहिजे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त याच राज्यांतील बेंडिगो शहरीं सहकुटुंब राहतात. बेंडिगो हें सोन्यावरच भरभराटलेलें शहर. तेव्हां हवेचा गुण त्यांना लागला यांत नवल नाहीं. तीन वर्षांपूर्वीं त्यांनीं ८,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून एक उंची शोधक यंत्र घेतलें. त्या वेळीं तीं भाड्याच्या घरांत होतीं आणि हातांत थोडी शिल्लक होती. पुढें त्यांनीं स्वतःचें घर घेतलें, घराबरोबर कर्ज आलें. सूनबाई रुग्णालयांत परिचारिका आहेत. त्यांच्या रात्रपाळ्या वाढल्या. यंत्र मोटारीच्या खोलींत चादरीखालीं जाऊन बसलें.

गेल्या वर्षीं मी त्यांच्याकडे चार महिने राहावयास गेलों, तेव्हां त्या यंत्राचें नांव निघालें कीं जेवणाच्या टेबलावरचें बोलणें थांबे, असा प्रकार मीं पाहिला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, मला सोनें नको आहे. मला पुढच्या महिन्याचा हप्ता वेळेवर जायला हवा आहे." चिरंजीव म्हणाले, "बाबा, आठ हजारांची वस्तु पांच हजारांना कशी देऊन टाकूं? आणि ज्यानें घेतली त्याला दुसऱ्याच दिवशीं सोन्याचा गोळा सांपडला तर?" नऊ वर्षांची नात आळीपाळीनें दोघांच्या तोंडाकडे पाही. अशा स्थितींत निवाडा माझ्याकडे आला. मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हें, व्यापारीहि नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांना अंकगणित शिकविलें, एवढेंच माझें भांडवल. पण विचार करतां करतां माझ्या ध्यानांत आलें कीं हा प्रश्न यंत्राचा थोडा, आणि अंकगणिताचा व मनाचा फार आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊं. दांडीच्या टोकाला ताटासारखी एक चपटी तबकडी असते आणि तिच्या आंत तारेचें वेटोळें असतें. वेटोळ्यांतून बदलता विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे खालच्या जमिनींत बदलतें चुंबकीय क्षेत्र तयार होतें. त्या क्षेत्रांत धातूचा तुकडा आला कीं त्याच्या अंगांत पाण्यांतल्या भोवऱ्यांसारखे बारीक प्रवाह फिरूं लागतात. हे प्रवाह आपलें स्वतःचें लहानसें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न करतात. त्याची चाहूल यंत्राला लागते आणि कानाला लावलेल्या हेडफोनमधला सूर बदलतो. म्हणजे यंत्राला सोनें दिसत नाहीं. तें जमिनीला हांक मारतें आणि ओ येते काय तें ऐकतें.

टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८८१ सालीं या तत्त्वाचा एक प्रसिद्ध प्रयोग केला. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना मारेकऱ्याची गोळी लागली होती आणि ती शरीरांत कोठें रुतली आहे तें डॉक्टरांना उमगत नव्हतें. बेलनें आपलें यंत्र त्यांच्या अंगावरून फिरविलें, पण गोळी सांपडली नाहीं. बिछान्यांतल्या पोलादी स्प्रिंगांनीं घोटाळा केला असें सांगतात. शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे अशी मुख्य डॉक्टरांची समजूत असल्यामुळें शोध त्याच बाजूला झाला. अध्यक्षांच्या मृत्यूनंतर शवचिकित्सेंत गोळी डाव्या बाजूला निघाली. यंत्र कितीहि कुशल असलें तरी शोधण्याची जागा चुकली तर त्याचा उपयोग नाहीं, हा धडा त्या दिवशींच मिळाला होता. सोनें शोधणाऱ्यांना तो अजून रोज मिळत असतो.

आतां साधें यंत्र आणि उंची यंत्र यांत भेद काय? साध्या यंत्रांत प्रवाह अखंड वाहत असतो. परत येणाऱ्या खुणेवरून तीं यंत्रें खालचा तुकडा लोखंडाचा कीं दुसऱ्या धातूचा याचा अंदाज बऱ्यापैकीं देतात. पण व्हिक्टोरियाच्या सोनेरी मुलखांत बरीचशी जमीन लोहयुक्त खनिजांनीं भरलेली आहे. तेथें जमीनच बोलूं लागते, आणि तिच्या गोंगाटांत सोन्याच्या बारीक खड्याचा आवाज बुडून जातो. उंची यंत्रांपैकीं पुष्कळांत प्रवाहाचे झटके दिले जातात, सेकंदाला शेंकडों-हजारों. प्रत्येक झटका एकदम तोडून यंत्र क्षणभर गप्प राहतें आणि धातूंतला प्रवाह विरत असतांना त्याची कुजबूज ऐकतें. जमिनीचा गोंगाट तोंवर बहुतांशीं शमलेला असतो. हा मोठाच गुण आहे, आणि पैसे त्याचेच पडतात. पण या जातीचीं यंत्रें लोखंड आणि सोनें यांतला भेद तितक्या खात्रीनें सांगत नाहींत. म्हणून उंची यंत्राचा मालक सोन्याइतक्याच भक्तिभावानें गंजके खिळेहि खणून काढतो.

येथें एक गणित सांगतों, कारण या यंत्राच्या किंमतीचें मर्म त्यांत आहे. वेटोळ्याचें चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्यानें क्षीण होतें. लहान खड्यापासून परत येणारें क्षेत्रहि तसेंच क्षीण होत येतें. जाण्याची झीज आणि येण्याची झीज यांचा गुणाकार केला म्हणजे असें निघतें कीं वेटोळ्याच्या मानानें खोल असलेल्या लहान खड्याची खोली दुप्पट झाली तर त्याची खूण सुमारें चौसष्टपट क्षीण होते. हेंच उलट बाजूनें पाहा. दुप्पट तीक्ष्ण कानाचें यंत्र घेतलें तर खोली किती वाढेल? अवघी आठव्या हिश्श्याइतकी! बारा इंचांवर ऐकूं येणारा खडा फार तर साडेतेरा इंचांवर ऐकूं येईल. ज्याला तो दीड इंच वारंवार उपयोगीं पडतो, ज्याच्या जमिनीवरून साधीं यंत्रें फिरून गेलेलीं आहेत, त्याला उंची यंत्राचें मोल आहे. पण पांचपट किंमत म्हणजे पांचपट सोनें, असा त्रैराशिकाचा हिशेब जो मांडील तो फसेल.

आणि इतिहास काय सांगतो? जगांतला सर्वांत मोठा म्हणून नांवाजलेला सोन्याचा गोळा, 'वेलकम स्ट्रेंजर', जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना १८६९ सालीं व्हिक्टोरियांतल्याच मोलिअॅगल येथें सांपडला. त्यांत सुमारें ७२ किलो शुद्ध सोनें निघालें. तो झाडाच्या मुळांशीं, मातीच्या पृष्ठभागाखालीं अवघ्या दोनचार बोटांवर होता, आणि त्या काळीं असलें यंत्रच नव्हतें. दुसरा गोळा 'हँड ऑफ फेथ'. तो किंगोवर गांवाजवळ १९८० सालीं केव्हिन हिलियर यांना यंत्रानेंच सांपडला. त्याचें वजन २७ किलोंहून अधिक होतें, आणि अमेरिकेंतल्या एका जुगारगृहानें तो दहा लाख डॉलरांहून जास्त देऊन घेतला. पण हिलियर यांचें यंत्र त्या काळचें होतें. आज तें जुन्यांत जमा होईल. अशा गोष्टी आपल्याला ठाऊक असतात, कारण त्या वर्तमानपत्रांत येतात. जीं हजारों माणसें संध्याकाळीं चार खिळे आणि एक शिशाची गोळी घेऊन घरीं परतलीं, त्यांची बातमी कोण छापतो?

तेव्हां चिरंजीवांची दुसरी शंका मीं आधीं घेतली. "घेणाऱ्याला गोळा सांपडला तर?" मीं विचारलें, "यंत्र तुझ्याजवळ राहिलें असतें तर तूं त्याच दिवशीं, त्याच रानांत, त्याच झाडाखालीं गेला असतास का?" ते म्हणाले, "नाहीं." "मग तो गोळा तुझा कसा? गोळा जमिनींत असतो, यंत्रांत नसतो." यावर ते हसले, पण शंका पुरती गेली नव्हती. आपली विकलेली वस्तु दुसऱ्याला लाभली तर आपल्या घरांतलें कांहीं चोरीला गेलें असें मनाला वाटतें. हा मनाचा हिशेब आहे, वहीचा नव्हे.

मग पहिली शंका : आठ हजारांची वस्तु पांच हजारांना कशी द्यावी? चिरंजीवांना एक चांगली सवय आहे. रानांत गेल्याचा प्रत्येक दिवस आणि सांपडलेली प्रत्येक वस्तु त्यांनीं वहींत टिपून ठेवली होती. ती वही मीं मागून घेतली. पहिल्या वर्षीं चौदा वेळां, दुसऱ्या वर्षीं बारा वेळां, तिसऱ्या वर्षीं पांच वेळां, अशा एकंदर एकतीस फेऱ्या. सोनें मिळालें तें लहान लहान खड्यांच्या रूपानें, मिळून ११ ग्रॅम. २०२५ सालीं सोन्याचा भाव औंसाला ४,००० अमेरिकन डॉलरांच्या वर गेला होता हें आपण जाणतांच. पण कच्चें सोनें विकतांना कांहीं कसर जाते, म्हणून मीं हात राखून ग्रॅमला १५० ऑस्ट्रेलियन डॉलर धरले. अकरा ग्रॅमचे १,६५० झाले. यंत्राला त्या वेळीं जुन्या बाजारांत ५,२०० डॉलर येत होते. म्हणजे घसारा २,८०० चा. त्यांतून सोन्याचे १,६५० वजा जातां खरा खर्च १,१५० डॉलर. एकतीस फेऱ्यांनीं भागतां फेरीला ३७ डॉलर पडले. पेट्रोल निराळें, पण तें कोठेंहि फिरावयास गेलें तरी लागतेंच.

हा आंकडा पाहून सूनबाईंनाहि आश्चर्य वाटलें. चांगल्या मोकळ्या हवेंतला एक दिवस, ३७ डॉलरांत! मीं चिरंजीवांना म्हटलें, "तीन वर्षांपूर्वीं तूं यंत्र घेतलेंस ही चूक नव्हती. तें खातें नफ्या-तोट्यासह बंद झालें. त्याच्याखालीं दोन रेघा ओढ." श्रोतेहो, माझ्या मतें या सर्व प्रकरणाची किल्ली येथें आहे. विकणें म्हणजे घेतल्याची चूक कबूल करणें, असें आपण मनांत धरून बसतों आणि म्हणून विकीत नाहीं. वास्तविक गेल्या वर्षांचें खातें वेगळें आणि पुढच्या वर्षाचें खातें वेगळें. घेतलें तें बरोबर होतें, आणि आतां विकणें हेंहि बरोबर आहे, अशीं दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं असूं शकतात. आठ हजार हे गेल्या खात्यांतले. ते आतां कोणत्याच उत्तरानें परत येणार नाहींत. पुढच्या खात्यांत आरंभीची शिल्लक एकच : आज बाजारांत मिळणारे ५,२०० डॉलर.

म्हणून प्रश्न असा मांडावा. समजा, यंत्र घरीं नाहीं आणि हातांत रोख ५,२०० डॉलर आहेत. तर आज बाजारांत जाऊन हेंच यंत्र, याच भावानें तुम्ही घ्याल काय? उत्तर 'होय' असेल तर यंत्र निश्चिंतपणें ठेवावें. 'नाहीं' असेल तर आपण तें रोज सकाळीं नव्यानें विकत घेत आहों, फक्त पैसे मोजल्याचें दिसत नाहीं इतकेंच.

पण 'होय' किंवा 'नाहीं' तरी कशावरून म्हणावें? त्यासाठीं पुढच्या एका वर्षाचा हिशेब केला. या धंद्यांत नवीं यंत्रें येत राहतात. ॲडलेडच्या मिनलॅब कंपनीचेंच पाहा : १९९५ सालीं तिचें झटक्यांच्या तत्त्वावरचें एस्. डी. २००० आलें, २०१५ सालीं जी. पी. झेड्. ७००० आलें आणि २०२१ सालीं जी. पी. एक्स्. ६००० आलें. नवें आलें कीं जुन्याचा भाव उतरतो. गांवांतल्या जाणत्या दुकानदाराच्या अंदाजानें आमच्या यंत्राला वर्षानंतर ४,६०० आले असते. म्हणजे घसारा ६००. हेच ५,२०० कर्जांत भरले तर सहा टक्के व्याज वाचतें, तें ३१२. दोन्ही मिळून यंत्र वर्षभर नुसतें घरीं ठेवण्याचा खर्च ९१२ डॉलर. दुसरीकडे, तसलेंच यंत्र दिवसाला १३० डॉलर भाड्यानें मिळत होतें. सात दिवसांचें भाडें ९१०. म्हणजे कांटा सातावर आहे. वर्षांत सातांहून अधिक दिवस जाणार असाल तर यंत्र घरचें असावें. सातांहून कमी जाणार असाल तर भाड्याचें स्वस्त.

येथें एखादा चतुर श्रोता विचारील, "मास्तर, सांपडणारें सोनें हिशेबांत कां धरलें नाहीं?" त्याचें उत्तर सोपें आहे. घरच्या यंत्रानें जेवढें सोनें सांपडेल तेवढेंच तसल्या भाड्याच्या यंत्रानेंहि सांपडेल. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना सारखी संख्या असली कीं ती कटते, हें आपण शाळेंत शिकलों आहों. सोन्याच्या आशेनें निर्णय करूं पाहणाऱ्याला हें ऐकून निराशा वाटेल. पण ठेवावें कीं विकावें या प्रश्नांत सोन्याला स्थानच नाहीं.

राहिला प्रश्न दिवसांचा. नातीनें भिंतीवरचें कॅलेंडर काढून आणलें. सूनबाईंच्या पाळ्या, मुलीचा पोहण्याचा वर्ग, चिरंजीवांच्या कचेरीचीं कामें, अशा सर्व दिवसांवर तिनें तांबड्या पेन्सिलीनें फुल्या मारल्या. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथला कडक उन्हाळा. रानांत साप आणि वणवे यांचें भय असतें, म्हणून ते महिने बहुतेक वगळले. शेवटीं मोकळे, खात्रीचे असे दिवस उरले चार. ओढूनताणून पांच. सात कांहीं होईनात. चिरंजीव बराच वेळ त्या कॅलेंडराकडे पाहत बसले. त्यांच्याशीं कोणी वाद घातला नाहीं. वाद फुल्यांनींच मिटविला होता.

याच्या उलट उदाहरणहि सांगितलें पाहिजे, नाहीं तर मी सर्वांना विकण्याचाच उपदेश करतों आहें असें वाटेल. शेजारीं सत्तरी उलटलेले एक गृहस्थ राहतात. थंडीच्या दिवसांत ते आठवड्यांतून दोनदां रानांत जातात, वर्षांत पन्नासांवर दिवस होतात. त्यांच्याजवळचें यंत्र आमच्याच किंमतीचें आहे असें धरलें तर ९१२ ला पन्नासांनीं भागून दिवसाला १८ डॉलर पडतील. शिवाय गुडघे धरलेले असूनहि चार मैल चालण्याची त्यांना जी शक्ति येते, ती त्या यंत्राच्या ओढीनें येते. त्यांच्या मुलांनीं तें विकण्याची गोष्ट काढली तर मीच आडवा येईन. वस्तु तीच, भाव तोच. पण एका घरीं ठेवणें शहाणपणाचें आणि दुसऱ्या घरीं विकणें शहाणपणाचें.

मध्यंतरीं आमच्या रत्नागिरीकडील एका आप्तांनीं तिसराच मार्ग सुचविला. "विकतां कशाला? इकडे घेऊन या. आपल्या गडांवर काय थोडे खजिने आहेत?" त्यांना मीं स्पष्ट नकार कळविला. १८७८ च्या भारतीय निखात निधि कायद्यानें, जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव सांपडली तर ती कलेक्टरांना कळविणें बंधनकारक केलें आणि लपविणाऱ्यास शिक्षा सांगितली. संरक्षित स्मारकांत परवानगीवांचून खणणें १९५८ च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. शिवाय कोंकणांतला जांभा दगड लोहानें भरलेला. तेथें यंत्राचे कान किटून जातील. पण कायदा आणि जांभा बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. गडावरचें जुनें नाणें ज्या थरांत पडलें असेल त्या थराशीं त्याचें नातें असतें. तें उपटून खिशांत घातलें कीं नाणें हातीं येतें आणि इतिहास निघून जातो.

आतां हिशेबाबाहेरची एक गोष्ट. सर्व ठरत आलें असतां नातीनें मला एकटें गांठून विचारलें, "आजोबा, यंत्र विकलें तर आम्ही रानांत जायचें नाहीं का?" मीं वही पुन्हां उघडली. तिसऱ्या वर्षींच्या पांच फेऱ्यांपैकीं चार फेऱ्यांत ती बापाबरोबर होती. त्या चार फेऱ्यांत सोनें मिळालें नव्हतें म्हटलें तरी चालेल. पण तिच्या बिस्किटांच्या डब्यांत वांकडे खिळे, शिशाच्या गोळ्या आणि बाटल्यांचीं झांकणें जपून ठेवलेलीं होतीं, आणि प्रत्येकाबरोबर तारखेची चिठ्ठी होती. माझ्या लक्षांत आलें कीं चिरंजीवांना सोडवत नव्हतें तें यंत्र नव्हेच. आठवडाभर कामांत बुडालेल्या बापाला मुलीबरोबर सबंध दिवस चालावयास मिळे तो या निमित्तानें. पण तें उंची यंत्र तीन किलोंहून जड. पोरीला तें उचलवतहि नसे. ती नुसती मागून फावडें घेऊन चाले.

तेव्हां निवाडा असा झाला. मोठें यंत्र विकावें. त्यांतल्या ४०० डॉलरांत एक वापरलेलें, हलकें, साधें यंत्र मुलीच्या हाताला झेपेल असें घ्यावें. वर्षांत एकदोनदां हौस आली तर मोठें यंत्र भाड्यानें आणावें. उरलेली रक्कम कर्जांत भरावी. कॅलेंडरवरचे ते चार दिवस मात्र हिरव्या पेन्सिलीनें रंगवून ठेवावे आणि दुसऱ्या कामाला देऊं नयेत. सूनबाईंनीं चार दिवसांचे आपण होऊन पांच केले.

विक्रीच्या बाबतींत दोन शब्द. या यंत्रांच्या हुबेहूब नकलाहि बाजारांत येतात. म्हणून घेणारा साशंक असतो. मूळ पावती आणि यंत्रावरचा अनुक्रमांक दाखविला कीं निम्मी शंका जाते. उन्हाळा सरत आला कीं गिऱ्हाइकें विचारपूस करूं लागतात. तो हंगाम साधावा. यंत्राची एक तार बदललेली होती, तें चिरंजीवांनीं न विचारतां सांगितलें. परसांत वीतभर खोल शिशाचा तुकडा पुरून गिऱ्हाइकाच्या कानाला हेडफोन दिला. ट्रक चालविणारे ते गृहस्थ होते. त्यांनीं घासाघीस करून ५,१०० दिले आणि यंत्र घेऊन गेले.

महिन्याभरानें त्यांचा फोन आला. त्यांना एकाच दिवशीं सात ग्रॅमचा खडा सांपडला होता! मी चिरंजीवांच्या चेहऱ्याकडे पाहत होतों. ते क्षणभर थबकले, मग म्हणाले, "कोठें सांपडला?" गृहस्थांनीं नांव सांगितलें तें रान चिरंजीवांनीं कधीं पाहिलेंहि नव्हतें. फोन ठेवून ते मला म्हणाले, "बाबा, जमिनींत होता, यंत्रांत नव्हता." त्या रात्रीं टेबलावर यंत्राच्या गोष्टी मोकळेपणानें झाल्या.

शेवटीं माझीहि एक कबुली देतों. मी ज्या शाळेंत होतों तेथें एकदां महागडें चित्रदर्शक यंत्र आलें होतें. त्याची किल्ली माझ्याकडे होती. मुलें हात लावतील, बिघडेल, या भीतीनें मीं तें कपाटांत ठेवलें. किंमती म्हणून कुलुपांत, आणि कुलुपांत म्हणून निरुपयोगी! कांहीं वर्षांनीं कपाट उघडलें तेव्हां त्याचे दिवे मिळेनासे झाले होते. तें मीं वापरलेंहि नाहीं आणि ज्याला उपयोग झाला असता अशा दुसऱ्या शाळेला दिलेंहि नाहीं. दोन्हींपैकीं कोणतेंहि एक केलें असतें तरी चाललें असतें. बेंडिगोच्या त्या घरीं बसून हिशेब मांडतांना माझ्या डोळ्यांपुढें तें कपाट होतें.

म्हणून आपल्या घरीं अशी एखादी वस्तु चादरीखालीं असेल, तर आज रात्रीं चादर काढावी आणि एक कॅलेंडर जवळ घ्यावें. तिला काय पडलें होतें तें विचारूं नये. पुढच्या वर्षीं ती किती दिवस हातांत येणार आहे, एवढेंच मोजावें.